क्रिप्टोत पैसे घालण्याआधी ते बाहेर काढायला शिका

"क्रिप्टो घ्यावं का हो?" रिटर्न भरण्याच्या हंगामात हा प्रश्न मला सतत कुणी ना कुणी विचारतं. विचारणाऱ्यांत नुकती नोकरीला लागलेली मुलं असतात, शिक्षिका असतात, निवृत्तीची रक्कम हातात आलेले काका असतात. कुणाच्या मित्राने बिटकॉइन स्वस्त असताना घेतलेलं असतं म्हणून उत्सुकता, तर कुणाच्या नात्यातलं कोणी बुडालेलं असतं म्हणून धास्ती. मला दोन्ही रास्त वाटतात. घ्या किंवा घेऊ नका, असं मी इथे सांगणार नाही. ज्यांना घेऊन बघायचंच आहे त्यांनी कोणत्या क्रमाने जावं, एवढंच सांगते.

त्या क्रमात माझा एकच आग्रह आहे. मोठी रक्कम घालण्याआधी एक छोटी रक्कम पूर्ण फेरी मारून तुमच्या बँक खात्यात परत आलेली तुम्ही स्वतः पाहिली पाहिजे. खरेदी कशी करायची ते सगळेच शिकवतात, ॲपसुद्धा दोन मिनिटांत शिकवतं. माणसं अडकतात ती पैसे परत आणताना.

सुरुवातीला थोडी पार्श्वभूमी

क्रिप्टो म्हणजे संगणकांच्या जाळ्यावर चालणारी डिजिटल नाणी, आणि बिटकॉइन हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध. त्याचं जाळं जानेवारी २००९ मध्ये सुरू झालं. त्याच्यामागे कोणती कंपनी किंवा सरकार नाही. व्यवहारांची वही जगभरातल्या संगणकांवर एकाच वेळी ठेवली जाते, आणि एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाहीत हा नियम त्या प्रणालीतच आहे. अख्खं नाणं घ्यावं लागत नाही, शेदोनशे रुपयांचा तुकडाही मिळतो. नवख्याला सुरुवातीला एवढं पुरे.

कायद्याचं मात्र नीट समजून घ्या. भारतात क्रिप्टोवर बंदी नाही, पण त्याला चलन म्हणून मान्यताही नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केलं. २०२२ पासून यावर आयकर आहे. कर घेतात म्हणजे सरकारने हमी घेतली, असा अर्थ बरेच जण काढतात आणि तिथेच फसतात. बँक बुडाली तर ठेवीवर ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. शेअर ब्रोकरने गडबड केली तर सेबीकडे दाद मागता येते. क्रिप्टोत यातलं काहीही नाही. आणि रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. तो साधा रुपयाच आहे, त्याचा भाव वाढत नाही. "सरकारी क्रिप्टो येतंय, आत्ताच घ्या" असं कोणी सांगत असेल तर तिथून उठा.

पायरी पहिली: रक्कम

नोव्हेंबर २०२१ मध्ये एक बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या घरात होतं. वर्षभरात ते १६ हजारांच्या आसपास आलं. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. हे आकडे ऐकून लोकांना शेवटचा लक्षात राहतो. तुम्ही मधला लक्षात ठेवा. तुमच्या एक लाखाचे पंचवीस हजारांहूनही कमी झालेले बघत वर्षभर थांबता येईल का? घरात त्यावरून वाद होणार नाही का? याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या आणि त्यावरून रक्कम ठरवा. कर्ज काढून, सोनं गहाण टाकून, क्रेडिट कार्डावर किंवा मुलांच्या फीच्या पैशांतून तर मुळीच नाही. आरोग्य विमा नसेल तर आधी तो घ्या.

पायरी दुसरी: एक्स्चेंज निवडताना

मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंजना, म्हणजे नाणी जिथे विकत घेता आणि विकता येतात त्या ॲप-संकेतस्थळांना, मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि त्यांना केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये एफआययूने नोंदणी नसलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांची संकेतस्थळं भारतात बंद झाली. त्यातल्या बायनान्सने नंतर नोंदणी केली आणि १८ कोटी ८२ लाखांचा दंडही त्यांना झाला. म्हणून पहिला निकष हाच: नोंदणी नसेल तर त्या एक्स्चेंजचा विचार सोडून द्या.

मात्र नोंदणी म्हणजे तुमचे पैसे सुरक्षित आहेत असा दाखला नव्हे. काळा पैसा कुठून आला, कुठे गेला, याची माहिती सरकारला मिळावी यासाठी ती नोंदणी असते. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्सवर हल्ला झाला आणि सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास २ हजार कोटी रुपयांची नाणी गेली. मुंबईतून सुरू झालेलं, भारतातलं सर्वांत मोठ्यांपैकी एक एक्स्चेंज. व्यवहार थांबले. ग्राहक इथले, पण मूळ कंपनी सिंगापूरची, त्यामुळे परतफेडीची योजना सिंगापूरच्या न्यायालयात गेली. एक्स्चेंज पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. सव्वा वर्ष लोकांना स्क्रीनवर आपली नाणी दिसत होती, पण हात लावता येत नव्हता. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्सवरही सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलरचा हल्ला झाला. तिथे कंपनीने नुकसान स्वतःच्या गंगाजळीतून सोसलं आणि ग्राहकांची नाणी वाचली.

म्हणून एक्स्चेंज निवडताना मला या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: मालक कंपनी कोणत्या देशात नोंदलेली आहे, वाद झाला तर कोणत्या न्यायालयात जायचं असं अटींमध्ये लिहिलं आहे, आणि विकत घेतलेलं नाणं बाहेर, स्वतःच्या वॉलेटमध्ये (नाण्यांची किल्ली जिथे तुमच्याच ताब्यात असते तिथे) पाठवता येतं का. काही ॲपवर ते पाठवताच येत नाही, फक्त विकून रुपये काढता येतात. अटी लांबलचक असतात, पण हे तीन मुद्दे शोधायला अर्धा तास पुरतो.

खातं उघडताना पॅन, आधार, सेल्फी आणि बँक खात्याची पडताळणी लागते. बँक खातं स्वतःच्याच नावाचं द्या. मुलाच्या पॅनवर वडिलांनी किंवा मित्राच्या खात्यातून व्यवहार असले प्रकार करू नका, नोटीस आली की उत्तर देताना नाकी नऊ येतात.

पायरी तिसरी: हजार रुपयांची फेरी

आता मुख्य गोष्ट. एक हजार रुपये घाला, त्याहून जास्त नको.

खरेदीचं बटण दाबण्याआधी थांबा आणि त्याच नाण्याचा त्या क्षणीचा विक्रीचा भावही बघा. दोन्ही भाव कागदावर लिहा. खरेदीचा १०० आणि विक्रीचा ९७ असेल तर घेतल्या क्षणीच तुम्ही ३ टक्क्यांनी मागे पडलात. "शून्य कमिशन" म्हणणारी ॲप बहुधा या फरकातच कमावतात.

आपल्या उदाहरणात भावातला फरक शून्य धरू आणि शुल्क अर्धा टक्का धरू. हजारातून ५ रुपये शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० पैसे. म्हणजे ९९४ रुपये १० पैशांचं बिटकॉइन तुमच्या नावावर आलं. दोन दिवस थांबा. भाव तोच आहे असं समजून ते सगळं विका. पुन्हा शुल्क आणि जीएसटी मिळून साधारण ५ रुपये ८६ पैसे. शिवाय विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, म्हणजे जवळपास १० रुपये. हातात साधारण ९७८ रुपये. भाव एका पैशाने हलला नाही, तरी २२ रुपये गेले. त्यातले टीडीएसचे १० रुपये रिटर्नमध्ये जमा धरले जातात, पण तोवर ते सरकारकडे.

हा टीडीएस नफ्यावर नसतो, पूर्ण विक्रीवर असतो. तोट्यात विकलंत तरी कापला जातो. दहा हजार रुपये घेऊन वर्षात पन्नास वेळा खरेदी-विक्री केली, तर भाव जागचा हलला नाही तरी त्यातले सुमारे चार हजार रुपये नुसत्या टीडीएसमध्ये अडकून बसतात. रोज उलाढाल करून घर चालवण्याची स्वप्नं बघणाऱ्या पोरांना मी हा हिशोब आवर्जून करायला लावते.

आता ते ९७८ रुपये बँकेत मागवा. किती वेळ लागला? काढण्याचं वेगळं शुल्क होतं का? किमान रकमेची अट मध्ये आली का? खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की त्याच बैठकीत आणखी दोन कामं करा. व्यवहारांचा तपशील डाउनलोड करून बघा, आणि ग्राहक सेवेला एक साधा प्रश्न लिहून पाठवा. उत्तर यायला आठवडा लागला, तर अडचणीच्या दिवशी काय होईल याचा अंदाज आत्ताच येईल. हे सगळं मनासारखं झालं, तरच ठरवलेल्या रकमेकडे वळा, आणि तीही एकदम न घालता काही महिन्यांत विभागून.

काय घ्यावं, काय नको

माझं मत स्पष्ट आहे. नवख्याने पहिलं वर्ष बिटकॉइन किंवा इथर (इथेरियम या जाळ्याचं नाणं) सोडून दुसऱ्या कशाकडे बघू नये. मे २०२२ मध्ये लुना नावाचं नाणं काही दिवसांत ८० डॉलरच्या आसपासवरून जवळजवळ शून्यावर आलं. त्याच्याबरोबरचं टेरायूएसडी तर "स्थिर", कायम एका डॉलरचं राहणारं म्हणून विकलं जात होतं, तेही कोसळलं. "दोन रुपयांचं नाणं आहे, दोनशे होईल" या हिशोबात नाण्यांची एकूण संख्या कुणी विचारात घेत नाही. संख्या अब्जावधींत असेल तर दोन रुपये स्वस्त नसतात.

फ्युचर्सचं, म्हणजे उसनवारीवर भावाच्या चढउताराचे सौदे करण्याचं, पान ॲपमध्ये उघडूसुद्धा नका. दहापट उसनवारीने व्यवहार घेतला की भाव साधारण १० टक्के उलटा गेला तरी तुमची पूर्ण रक्कम संपते, आणि क्रिप्टोत १० टक्के हा काही वेळा एका रात्रीचा प्रवास असतो.

पायरी चौथी: कराचा हिशोब

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्यासमोर येणारी निम्मी दुखणी इथलीच असतात.

क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर ४ टक्के उपकर लागतो, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. तुमचं बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेत असलं तरी यातून सुटका नाही. नफा काढताना फक्त खरेदीची किंमत वजा होते. इंटरनेट, कोर्सची फी, कर्जाचं व्याज असलं काही वजा होत नाही. कितीही वर्षं जवळ ठेवलं तरी दर तोच.

सगळ्यात जड जातो तो तोट्याचा नियम. समजा, बिटकॉइनमध्ये तुम्हाला २० हजारांचा नफा झाला आणि त्याच वर्षी इथरमध्ये २० हजारांचा तोटा. खिशात वर्षअखेर शून्य. शेअरमध्ये असं झालं असतं तर एक दुसऱ्यातून वजा झालं असतं. क्रिप्टोत होत नाही. २० हजारांच्या नफ्यावर ६ हजार कर आणि २४० रुपये उपकर, असे ६,२४० रुपये भरावे लागतात. इथरचा तोटा तुमचा तुमच्यापाशी, पुढच्या वर्षीही तो ओढता येत नाही. एका नाण्याच्या बदल्यात दुसरं घेतलंत तर तीही विक्रीच धरली जाते. रुपये हातात आले नाहीत म्हणून कर नाही, असं होत नाही.

करायचं काय? पहिल्या दिवसापासून एक वही किंवा एक्सेल ठेवा: तारीख, नाणं, किती, कितीला घेतलं, कितीला विकलं, किती टीडीएस. एक्स्चेंजचा तपशील दर तीन महिन्यांनी उतरवून ठेवा. एक्स्चेंज बंद पडलं की तो तपशीलही हाताबाहेर जातो. रिटर्न 'सहज' फॉर्ममध्ये भरता येत नाही, आयटीआर-२ किंवा व्यवसाय असेल तर आयटीआर-३ लागतो आणि त्यात आभासी मालमत्तेचं वेगळं परिशिष्ट असतं. टीडीएसची नोंद आयकर खात्याकडे आधीच पोहोचलेली असते. आयकर पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचं माहितीपत्रक, उघडून बघा, तुमच्या विक्रीचे आकडे तिथे दिसतील. "एवढ्याशा रकमेचं कोण बघतंय" म्हणणाऱ्यांना मी तेच पान उघडून दाखवते.

पायरी पाचवी: स्वतःचं वॉलेट, पण घाई नको

नाणी एक्स्चेंजवर असतात तोवर किल्ली त्यांच्याकडे असते. रक्कम वाढली की स्वतःच्या वॉलेटचा विचार करावा. लेजर किंवा ट्रेझरसारखं छोटं उपकरण मिळतं, ते थेट उत्पादकाकडून घ्या. वापरलेलं, सील फुटलेलं किंवा कुणाच्या ओळखीतून आलेलं घेऊ नका. सुरू करताना ते १२ ते २४ इंग्रजी शब्द देतं. ते शब्द म्हणजेच तुमची नाणी. ते कागदावर हाताने लिहा. फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवू नका, ड्राइव्हवर ठेवू नका. जगातली कोणतीही खरी ग्राहक सेवा हे शब्द मागत नाही. मागणारा चोरच.

पाठवतानाही आधी छोटी रक्कम. बिटकॉइनचा पत्ता, म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षरं-आकड्यांची लांब ओळ, १, ३ किंवा 'बीसी१'ने सुरू होतो. पत्त्याचे पहिले आणि शेवटचे पाच-सहा वर्ण ताडून बघा. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता कॉपी करू नका. भामटे तुमच्या पत्त्यासारखाच दिसणारा पत्ता बनवून त्यावरून नगण्य रक्कम पाठवतात, म्हणजे यादीत तो वर दिसतो आणि तुम्ही चुकून तोच उचलता. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं परत आणणारी बँक इथे नाही.

आणि घरच्यांचं. तुमच्यामागे हे कुणाला सापडेल का? कोणत्या एक्स्चेंजवर खातं आहे, वॉलेट कुठे ठेवलंय, शब्दांचा कागद कुठल्या लॉकरमध्ये आहे, एवढं लिहून एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. शब्द सांगायचे नाहीत, जागा सांगायची.

सापळे

पुणे आणि क्रिप्टो म्हटलं की गेनबिटकॉइन आठवतं. बिटकॉइन आमच्याकडे द्या, १८ महिने दरमहा १० टक्के परतावा घ्या, अशी ती योजना. सूत्रधार अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली, २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने देशभर साठहून अधिक ठिकाणी छापे घातले, त्यांत पुणे, नांदेड आणि कोल्हापूरही होतं. सुरुवातीला परतावा आला, नंतर बिटकॉइनऐवजी त्यांनी स्वतःच काढलेलं एमकॅप नावाचं नाणं लोकांच्या माथी मारलं, ज्याला बाजारात किंमत नव्हती. ज्यांनी आपलं बिटकॉइन नुसतं घरात ठेवलं असतं त्यांचं भलं झालं असतं, हे त्यातलं मोठं दुःख. दरमहा ठरलेला परतावा, माणसं जोडली की कमिशन, आणि हॉटेलातला सेमिनार, हे दिसलं की ती जुनी दामदुप्पट योजनाच समजा.

आताचा प्रकार शांतपणे येतो. निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे मोबाइल घेऊन आले. "ताई, आठ लाख झालेत बघा. काढायचे तर आधी टॅक्स भरा म्हणतात. तुम्ही चलन काढून देता का?" ॲपवर खरंच हिरव्या अक्षरांत आठ लाख दिसत होते. ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं, टेलिग्रामवर आलेल्या लिंकवरून टाकलं होतं. पैसे दर वेळी वेगवेगळ्या माणसांच्या बँक खात्यांवर पाठवले होते. आणि तो "टॅक्स"सुद्धा एका खासगी खात्यावर मागत होते. मी म्हटलं, "काका, आयकर सरकारच्या पोर्टलवर भरतात, कुणाच्या खात्यावर नाही. आता एक रुपयाही पाठवू नका." ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. पैसे काढण्यासाठी आधी पैसे मागणारं प्रत्येक ॲप खोटं असतं, याला अपवाद मी पाहिलेला नाही. हजार रुपयांची फेरी पहिल्या आठवड्यात करा म्हणते ती यासाठीही. अर्थात हुशार भामटे छोटी रक्कम परत देतातही, म्हणून फेरीच्या आधी एफआययू नोंदणी तपासायची, नंतर नाही.

तिसरा सापळा पी-टू-पीचा. यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं) अनोळखी माणसाला थेट विकली की रुपये जरा जास्त भावाने मिळतात. पण ते रुपये कुणाच्या तरी फसवणुकीचे असू शकतात. मग दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून तुमचं खातं गोठतं, पगाराचंसुद्धा, आणि ते सोडवायला महिने जातात. दीड-दोन रुपयांच्या फायद्यासाठी हे अंगावर घेऊ नका.

अडकलाच असाल तर

लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच ते हाती लागतात, म्हणून लाजेने किंवा घरच्यांच्या भीतीने दोन दिवस घालवू नका. ॲप काढून टाकू नका, चॅट पुसू नका. यूटीआर क्रमांक (बँकेच्या प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक), ज्या खात्यांवर पैसे गेले त्यांचा तपशील, वॉलेटचे पत्ते, टेलिग्रामवरची नावं आणि स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा, त्याच्या दोन छापील प्रती काढा आणि जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात जाताना पोर्टलवरचा तक्रार क्रमांक सोबत न्या. काही दिवसांनी "तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा" असा फोन येईल. तो करणारी बहुतेकदा त्याच टोळीतली माणसं असतात. त्यांचा नंबरही त्याच तक्रारीत जोडा.